सासूबाई म्हणाल्या अँब्युलन्स, मी म्हणते फॅमिली कार

ऑकलंडमधल्या देशी कुटुंबांचा गाड्यांचा एक ठरलेला क्रम आहे. आल्या आल्या अ‍ॅक्वा नाहीतर प्रियस, पोरं झाली की आरएव्ही फोर किंवा सीएक्स फाइव्हसारखी एसयूव्ही, आणि आईबाबा इंडियातून दर उन्हाळ्याला यायला लागले की सात सीटर. आम्ही दुसऱ्या पायरीवर चढायच्या बेतात होतो, नवऱ्याने शॉर्टलिस्ट वगैरे पण केलेली, आणि तिथे मी आडवी आले. मला वॅगन पाहिजे होती, म्हणजे छत थेट मागच्या टोकापर्यंत जाणारी लांबट बुटकी गाडी. साधी नाही, टर्बोवाली, इंजिनात जास्तीची हवा कोंबून ताकद वाढवणारी.

आपल्याकडे वॅगन म्हणलं की लोक तोंड वाकडं करतात, त्याला इतिहास आहे. टाटा इस्टेट आली, बलेनो अल्टुरा आली, ओपेलची स्विंग आली, सगळ्या आपटल्या. डिक्की वेगळी दिसली नाही तर पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही आपल्या लोकांना. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला तर म्हणाल्या, अगं एवढे पैसे देऊन अँब्युलन्स काय घेतेस.

पण न्यूझीलंडची गोष्टच वेगळी आहे. १९९८ मध्ये इथे गाड्यांवरची आयात ड्युटी काढून टाकली, त्याच वर्षी इथले असेंब्लीचे कारखाने पण बंद झाले, आणि जपानमधल्या वापरलेल्या गाड्यांचा जो लोंढा आधीच सुरू झालेला तो मग थांबलाच नाही. दोन्हीकडे स्टिअरिंग उजवीकडे, आणि जपानमध्ये शाकेन नावाची तपासणी इतकी महाग पडते की लोक ठणठणीत गाड्या विकून मोकळे होतात. त्यामुळे जपानी मॅनेजर साहेबांनी हौसेने घेतलेली आणि रविवारी धुऊन पुसून ठेवलेली गाडी काही वर्षांनी इथे साध्या हॅचबॅकच्या भावात उभी असते.

ऑप्शन्स तसे बरेच होते. निसान स्टेजिया, म्हणजे स्कायलाइनच्या घरातली वॅगन, जुन्या मॉडेलमध्ये आरबी २५ टर्बो इंजिन आणि ऑटेकने बनवलेल्या तिच्या २६०आरएस मॉडेलमध्ये तर चक्क जीटीआरचं आरबी २६ इंजिन. ती आता फॅमिली कार राहिलीच नाहीये, तिच्या किमती गाड्या जमवणाऱ्या हौशी लोकांनी वर नेऊन ठेवल्यात. मित्सुबिशी लेगनम व्हीआर फोर, व्ही सिक्स ट्विन टर्बो, २८० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच), पण ती २००२ लाच बंद झाली आणि पार्ट शोधत फिरायचा माझ्यात पेशन्स नाही. टोयोटा कॅल्डिना जीटी फोरमध्ये सेलिका स्पोर्ट्स कारवालं ३एस-जीटीई इंजिन, ती खूप आवडली होती पण मागे दोन कारसीट लावून मध्ये सासूबाई बसतील असं काही वाटेना. राहिली सुबारू लेगसी जीटी.

लेगसीचं आणि या देशाचं नातं जुनं आहे बरं का. १९९३ च्या रॅली न्यूझीलंडमध्ये कॉलिन मॅक्रेने सुबारूला वर्ल्ड रॅलीमधला पहिला विजय मिळवून दिला तो लेगसीतच, इम्प्रेझा नंतर आली. हे मी नवऱ्याला ऐकवलं तर तो म्हणाला आपल्याला पॅक अँड सेव्ह सुपरमार्केटला जायचंय, रॅलीला नाही.

आम्ही घेतली ती २००७ ची, बीपी५ म्हणतात त्या पिढीतली. याच्या आधीची पिढी, बीएच५, तिच्यात दोन टर्बो होते, आधी एक लागतो मग दुसरा, आणि मध्ये गाडी क्षणभर दम खाते, नेमकी ट्रकच्या शेजारी असताना. बीपीमध्ये एकच ट्विन स्क्रोल (एक्झॉस्ट दोन वेगळ्या वाटांनी घेणारा) टर्बो दिला, एक्झॉस्टचे पाइप सारख्या लांबीचे केले, आणि त्यामुळे ती खड्डा पडण्याची भानगड गेली. सोबत सुबारूचा तो प्रसिद्ध गुडगुड आवाज पण गेला, ज्यासाठी पोरं जीव टाकतात. मला विचाराल तर बरंच झालं, पहाटे एअरपोर्टला निघताना अख्खी गल्ली उठत नाही. मॅन्युअल २८० पीएसची आणि ऑटोमॅटिक २६० ची, आम्ही ऑटो घेतली कारण सदर्न मोटरवेवर संध्याकाळी पाच वाजता क्लच दाबत बसण्यात कसली आलीये मजा.

आता खरं काम म्हणजे बरी गाडी शोधणं. २०२० च्या १ मार्चपासून बाहेरून येणाऱ्या वापरलेल्या गाडीला ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, असणं कंपल्सरी झालं, त्यामुळे मी फ्रेश इम्पोर्टच्या नादी लागलेच नाही, आधीपासून इथे असलेल्याच बघितल्या. आणि त्यातल्या निम्म्या गाड्या हौशी पोरांनी वाटोळं केलेल्या होत्या. खाली घासेल इतकी लोअर केलेली, टर्बोची हवा सोडताना फुर्रर्र करणारा ब्लोऑफ व्हॉल्व्ह, बॉनेटवर कार्बन फायबरचा स्टिकर. एका डीलरकडे तर बॉनेट उघडल्यावर ओरिजिनल एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा डबाच नव्हता, विचारलं तर म्हणे हे अपग्रेड आहे मॅम. मी थँक्यू म्हणून निघाले. माझं मत पक्कं आहे, टर्बो गाडी घ्यायची तर कंपनीने दिली तशीच असलेली घ्यायची, चारशे डॉलर जास्त गेले तरी चालतील.

जी घेतली तिच्या ग्लोव्हबॉक्समध्ये मूळ ऑक्शन शीट, म्हणजे जपानमधल्या लिलावाच्या वेळचा तपासणीचा कागद, घडी करून ठेवलेलं होतं आणि तिथेच माझा निर्णय झाला. हे शीट वाचायला शिकाच, सगळं जपानीत असलं तरी अवघड नाही. वर कोपऱ्यात ग्रेड, चार म्हणजे छान, साडेतीन म्हणजे चालेल, आर किंवा आरए असेल तर अपघात होऊन दुरुस्त झालेली. खाली गाडीचं वरून उलगडून काढलेलं चित्र, त्यावर अक्षरं: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे तिथे पत्र्याचं काम झालंय, डबल एक्स म्हणजे तो पार्टच बदललाय. आमच्या गाडीवर मागच्या डाव्या दारावर यू१ होतं, मी तिथे बोट फिरवलं तर खरंच नखाएवढा पोचा, अजून तसाच. सालाच्या जागी १९ लिहिलेलं, ते जपानी कालगणनेतलं हेसेई १९, म्हणजे आपलं २००७. खालून पण बघायचं, बर्फाच्या भागातली गाडी असेल तर रस्त्यावरच्या मिठाने सगळं गंजलेलं असतं. आणि इथल्या वॉफच्या, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीच्या, वेळी दरवेळी किलोमीटर नोंदवले जातात, नंबर प्लेट टाकून तो इतिहास काढता येतो, तो काढल्याशिवाय एक डॉलर द्यायचा नाही.

मेकॅनिकला दोनच गोष्टी विचारल्या. एक टायमिंग बेल्ट, तो लाखभर किलोमीटरला बदलायचा असतो आणि तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, म्हणजे इंजिनच गेलं. दुसरी, टर्बोला तेल नेणाऱ्या पाइपच्या बोल्टमध्ये एक बारीकशी जाळी असते, ती घाणीने भरली की टर्बो तेलावाचून मरतो. तेल वेळेवर बदललेलं होतं, जाळी स्वच्छ निघाली.

बरं, फॅमिली कार म्हणून कशी आहे. इथले हायवे म्हणजे बहुतेक ठिकाणी एक लेन जायला, एक यायला. बॉम्बे हिल्स ओलांडल्या (हो, असं नाव आहे, बॉम्बे नावाच्या जहाजातून आलेल्या लोकांनी वसवलेलं गाव) आणि पुढे टौरंगाला जायला कैमाईचा घाट लागला की पुढे दुधाचा टँकर किंवा लाकडांचा ट्रक हमखास. पासिंग लेन येते आणि संपून पण जाते. जुन्या गाडीत मी पाय पूर्ण दाबून देवाचं नाव घ्यायचे आणि अर्ध्यात परत मागे यायचे. लेगसीत नुसतं पावलाने सांगायचं, ती पुढे जाऊन शांतपणे डावीकडे परत. मला ही सेफ्टी वाटते, वेग नाही. शंभरच्या वर तशीही मी जात नाही, इथला दंड माहीत आहे. दुसरं म्हणजे गाडी बुटकी असल्यामुळे वळणावर डुलत नाही, आणि एसयूव्हीत प्रत्येक घाटात उलटी करणारी आमची धाकटी यात झोपते. चारही चाकांना पॉवर असल्यामुळे रुआपेहू डोंगरावर बर्फ बघायला गेलो तेव्हा पण टेन्शन नव्हतं. बूटमध्ये प्रॅम, कूलर, सासूबाईंची लोणच्यांची बॅग, सगळं आडवं बसतं. कारसीट इथल्या स्टँडर्डची असेल तर मागे टेदरचा, म्हणजे सीट मागून बांधायच्या पट्ट्याचा, बोल्ट लागतो, जपानी गाडीत तो कधी कधी बसवून घ्यावा लागतो, घ्यायच्या आधी बघा.

खर्चाचं लपवत नाही. गावात शंभर किलोमीटरला बारा लिटर कुठे गेले नाहीत, आणि ९१ ऑक्टेनचं पेट्रोल चालत नाही, किमान ९५, मी ९८ टाकते. इन्शुरन्सवाल्यांनी टर्बो शब्द ऐकल्यावर प्रश्नच प्रश्न विचारले. टायर २१५/४५, १७ इंची, अ‍ॅक्वाच्या टायरच्या किमतीशी तुलना करायची नाही. रेडिओ जपानी बँडचा, ९० च्या वरचं काही लागतच नाही, इथली स्टेशनं लागावीत म्हणून बँड एक्स्पांडर बसवायचा आहे तो अजून बसवलेला नाही. आणि गाडी चालू केली की एक जपानी बाई दर वेळी नम्रपणे बजावते की टोलचं कार्ड घातलेलं नाही. थोरला आता तिच्याबरोबर तिच्याच सुरात म्हणतो.

नवऱ्याचं काय झालं ते राहिलंच. गाडीत एसआय-ड्राइव्ह म्हणून एक गोल बटण आहे, आय मोडवर गाडी गरीब गाय होते, एस शार्पवर अंगात येतं. त्याने पहिल्या दिवशी जाहीर केलं की घरच्या गाडीला आय मोड पुरे, बाकी दोन मोड पेट्रोल जाळायचे धंदे. परवा मी गाडीत बसले तर बटण एस शार्पवर होतं, आणि आदल्या दिवशी दूध आणायला तोच गेला होता.