48 किलो गेले, हनुवटीवरचे केस नाही गेले

गाडीच्या आरशात, भर उन्हात, हनुवटीवरचा केस जेवढा लख्ख दिसतो तेवढा घरातल्या कुठल्याच आरशात दिसत नाही. म्हणून माझा एक चिमटा कायम गाडीत असतो, एक पर्समध्ये आणि एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. वजन उतरवायला जठर लहान करतात त्या स्लीव्हच्या ऑपरेशनला या महिन्यात तीन वर्षं झाली. 118 वरून 70 किलोंवर आले. मधे 66 लाही टेकून आले होते, ते चार किलो परत कधी आले ते कळलंच नाही. कपडे तीनदा बदलले, चिमटे तेच आहेत.

परवा एका जुन्या मैत्रिणीने विचारलं, "मग आता पीसीओएस गेलं ना तुझं?" पीसीओएस म्हणजे अंडाशयाचा आणि हार्मोनचा तो विकार, ज्यात पाळी बिघडते आणि हनुवटीवर असे केस येतात. मी "हो, बरंचसं" म्हणून विषय मिटवला आणि घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत बसले.

सतराव्या वर्षी पहिली सोनोग्राफी झाली तेव्हा "अंडाशयात गाठी आहेत" एवढंच कानावर पडलं आणि आई रडायला लागली. त्या गाठी नसतातच, अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका असतात, हे मला कळायला दहा वर्षं लागली. तोपर्यंत जेवढ्या डॉक्टर पाहिल्या त्या सगळ्यांचं एकच पालुपद: वजन कमी कर, सगळं नीट होईल. पुढे कधीतरी निदानाचे निकष वाचले. 2003 साली रॉटरडॅमला ठरलेले, अजूनही थोड्याफार फरकाने तेच वापरतात. पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त, सोनोग्राफीत तशी अंडाशयं, या तिनांपैकी दोन असली की पुरे. वजन त्या यादीत नाहीच! दोन-तीनदा वाचलं, खरंच नाही. बारीक मुलींनाही पीसीओएस असतं, आणि त्यांना बिचाऱ्यांना "तू तर बारीक आहेस" म्हणून परत पाठवतात.

वजनाचा संबंध नाही असं मी म्हणत नाही, नाहीतर पोट कापून घेतलंच नसतं. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात ते आणखी वाढतं. वाढलेलं इन्शुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तेच पुरुषी हार्मोन, बनवायला लावतं. शिवाय हे हार्मोन बांधून ठेवणारं जे प्रथिन यकृत तयार करतं, तेही कमी होतं, म्हणजे मोकाट टेस्टोस्टेरॉन दुप्पट त्रास देतं. चरबीने हे सगळं वाढतं, पण सुरुवात नेहमी चरबीपासून होत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. अंडाशयाला कुणी हातही लावत नाही.

तरी फरक पडला, आणि तो वजनाच्या आधी पडला. सगळ्यात आधी मान उजळली. लहानपणी आई मळ समजून जी मान घासघासून लाल करायची, तो काळा मखमली पट्टा इन्शुलिनचा होता, हे तिला मी तिसाव्या वर्षी सांगितलं. ती गप्पच झाली. मग सातव्या आठवड्यात पाळी आली. आपोआप, गोळ्यांशिवाय. त्याआधी वर्षाला चार यायच्या, त्यातल्या दोन गोळ्या घेऊन आणलेल्या. आईला फोन केला तर म्हणाली, "अगं, खरंच? तारीख लिहून ठेव!" पुढची 31 दिवसांनी, त्याच्या पुढची 29 दिवसांनी. तेराव्या वर्षी पाळी सुरू झाल्याचं एवढं कौतुक झालं नव्हतं.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "गर्भनिरोधक काय वापरता?" मी हसले. लग्नाला सहा वर्षं झाली, काहीच वापरत नाही, काहीच होत नाही. त्या हसल्या नाहीत. पाळी नियमित झाली म्हणजे बहुधा बीज सुटतंय, आणि ऑपरेशननंतर निदान वर्ष-दीड वर्ष तरी दिवस जायला नकोत, कारण वजन झपाट्याने उतरत असताना पोटातल्या बाळाला पोषण पुरत नाही. उलट्यांच्या दिवसांत गोळ्यांचाही भरवसा नाही. आयुष्यभर "दिवस कसे जातील" ऐकलेल्या बाईला "दिवस जाऊ देऊ नका" म्हटल्यावर तोंडातून शब्द फुटेना.

इथे मी एक शहाणपणा केला. हार्मोन आता नकोतच म्हणून हट्टाने तांबी बसवून घेतली. तांबीने रक्तस्राव वाढतो, हे त्यांनी सांगितलं होतं. जठर लहान झालं की लोह नीट शोषलं जात नाही, हेही सांगितलं होतं. दोन्ही ऐकलं, पण एकत्र जोडून पाहिलं नाही. शिवाय कॅल्शियमची आणि लोहाची गोळी दोन तासांच्या अंतराने घ्यायची, ती मी आठवेल तशी एकत्र गिळत होते. अकराव्या महिन्यात दोन मजले चढले की धाप लागायची. वाटायचं, एवढी बारीक झाले आणि तरी दम लागतोच कसा? हिमोग्लोबिन 8.9, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, 7. शिरेतून लोह घ्यावं लागलं, तांबी काढून हार्मोनवाली बसवली. आता पाळी पुन्हा जवळजवळ नाहीच. पण पूर्वी ती येत नसे तेव्हा आत गर्भाशयाचं अस्तर वाढत राहायचं आणि त्याचीच भीती असायची. आता या नव्या तांबीमुळे ते पातळ राहतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे आई अजून काळजीत आहे.

डोक्याच्या केसांचं काय सांगू. चौथ्या महिन्यात कंगव्यात गुच्छ यायला लागले. ते ऑपरेशनचं, परत येतात, आले. कपाळाच्या कडेला छोटी लव उगवली तेव्हा नवऱ्याला दाखवत फिरले. भांग मात्र रुंद आहे तसाच. तो जुना, पीसीओएसचा.

आणि हनुवटी. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उतरलंय, रिपोर्ट चांगला आहे. पण एकदा जाड आणि काळा झालेला केस हार्मोन उतरलं म्हणून पुन्हा लव होत नाही. हे मला ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलं असतं तरी मी ऑपरेशन केलंच असतं, फक्त रोज सकाळी आरशात वाट बघत बसले नसते.

आता लेझर करून घेणार आहे. पहिली बैठक पुढच्या महिन्यात. तोपर्यंत उपटायचं नाही, मुळं जागेवर लागतात, फार तर रेझर चालेल. तिन्ही चिमटे नवऱ्याकडे दिले आणि म्हटलं, लपवून ठेव, मागितले तरी देऊ नकोस. आज सिग्नलला थांबले, समोरून ऊन आलं, आरशात पाहिलं. चार. एक तर चांगला अर्धा सेंटिमीटर.