‘करलं’, ‘पिला’ आणि कपाळावरची आठी

माझ्या साडेतीन वर्षांच्या भाचीने परवा रिकामे ताट पुढे सरकवून जाहीर केले, ‘मी सगळं खालं, आणि चित्रपण करलं.’ घरातले सगळे हसले. मला मात्र तिचे कौतुक वाटले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले. त्यातले किंवा नंतरच्या कोणत्याही व्याकरणातले अक्षर न वाचता तिने भूतकाळाचा नियम शोधून काढला होता. ‘भरणे’चे ‘भरले’ आणि ‘धरणे’चे ‘धरले’ होत असेल, तर ‘करणे’चे ‘करले’ का होऊ नये?

नियमाला बगल देणारी क्रियापदे नेमकी रोजच्या राबत्यातली आहेत: जाणे, येणे, करणे, मरणे. ‘गेला’ हे रूप ‘जा’पासून झालेलेच नाही, ते संस्कृत ‘गत’पासून प्राकृतमार्गे आले, तसेच ‘केला’ हे ‘कृत’पासून आणि ‘मेला’ हे ‘मृत’पासून. सतत तोंडात असल्यामुळे ही जुनी रूपे झिजली, पण पुसली गेली नाहीत. भाची ‘बाबा ऑफिसला जाला’ म्हणते तेव्हा तर आणखी मौज होते, कारण जुन्या मराठीत ‘जाला’ म्हणजे ‘झाला’, आणि कोकणीत आजही ‘कितें जालें?’ असेच विचारतात.

मोठ्या माणसांच्या बाबतीत मात्र माझे हे औदार्य टिकत नाही. ‘मी चहा पिला’ हे कानावर पडले की कपाळाला आठी पडते. आमच्या घरी ‘चहा प्यायलो’ म्हणत, आणि वडीलधारी मंडळी ‘प्यालो’. हे क्रियापद दुहेरी हट्टी आहे: त्याचे रूप वेगळे, आणि सकर्मक असूनही भूतकाळात ते कर्त्याप्रमाणे चालते. ‘मी आंबा खाल्ला’ यात सत्ता आंब्याची, ‘मी ताक प्यायले’ यात माझी. शिकणे, विसरणे, म्हणणे ही त्याच पंक्तीतली. म्हणूनच मी छत्री आणली, पण परतताना छत्री विसरले. ‘चहा पिला’ म्हणणारा माणूस दोन्ही अपवाद एका फटक्यात सपाट करतो, म्हणजे माझ्या भाचीचाच नियम पाळतो. हे कळूनही आठी जात नाही.

‘तो म्हटला’ आणि ‘त्याने म्हणाला’ यांना मात्र माझ्याकडे माफी नाही. ‘तो म्हणाला’, ‘त्याने म्हटले’ या जोड्या ठरलेल्या आहेत, आणि त्यांची अदलाबदल करून कोणाचेच काम सोपे होत नाही.

एके काळी ‘तू कधी आला?’ हेही मला खटकायचे. ‘आलास’मधला ‘स’ कुठे सांडला, असे मी वसतिगृहातल्या मैत्रिणींना विचारत असे, जोवर त्यांतल्या नागपूरच्या एकीने माझ्या कोल्हापूरच्या आजीला ‘मी आत्ताच आलो’ म्हणताना ऐकले नव्हते. आमच्याकडच्या बायका तसेच बोलतात, असे मी घाईघाईने सांगितले. आमच्याकडेही, असे ती शांतपणे म्हणाली.

काल भाचीने पेला संपवून ‘दूध पिलं’ असे सांगितले. ‘प्यायले म्हणावं,’ मी म्हणाले. तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, ‘मग तू पण पिलीस?’ ‘स’ जागच्या जागी होता.