भूप, देसकार आणि पाव किलो भेंडी

मला गाण्यातलं काही कळत नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी अंगावर यायला नको. शाळेत समूहगानाला बाईंनी मला मागच्या रांगेत उभं करून "तू नुसते ओठ हलव गं" असं सांगितलं होतं, त्यामुळे शास्त्रीय वगैरे आपलं खातं नव्हे हे मी बरीच वर्षं धरूनच चालले होते. पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला पहिल्यांदा गेले तेही मैत्रिणीकडे एक पास जास्तीचा होता आणि आत खायची चंगळ असते असं ऐकलं होतं म्हणून.

मग एकदा सकाळी डब्यासाठी भेंडी चिरत होते, मोबाईल ओट्यावर, काहीतरी चालू होतं ते संपलं आणि आपोआप किशोरीताई आमोणकरांचा भूप राग सुरू झाला, ‘सहेला रे’. हात भेंडीने चिकट, बंद कोण करणार? राहू दिलं. दुसऱ्या दिवशी मात्र मी स्वतःहून लावलं. स्वयंपाकघरात गाणं ऐकायची मजा अशी की बघायला कोणी नसतं, योग्य जागी मान हलवायचं टेन्शन नाही, चुकीच्या जागी टाळी वाजेल ही भीती नाही. कुकरची शिट्टी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत नाही एवढंच.

समोरच्या काकूंनी कधीकाळी गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षा दिलेल्या, ‘मध्यमा’ परीक्षेपर्यंत. मग लग्न झालं आणि पेटी माळ्यावर गेली. एक दिवस विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं, सकाळी साडेसातला भूप?" मी म्हटलं, का, भूपाळी सकाळचीच असते ना? काकू इतक्या हसल्या की विरजणाची वाटी हातातून पडायची राहिली. भूप म्हणे रात्रीच्या पहिल्या प्रहरातला राग.

आता हे प्रहरांचं मला पटतंही आणि नाहीही. भीमसेन जोशींनी 1953 साली सवाई सुरू केला, पुढे कितीतरी वर्षं तिथे रात्र रात्र गाणं चालायचं, लोक पांघरुणं घेऊन बसायचे आणि पहाटेचे राग खरोखर पहाटे ऐकायचे. आता उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर लावायचा तर खास परवानगी लागते, मग मध्यरात्रीच्या दरबारी रागाने जायचं कुठे? माझ्याकडे यावं, मेथी निवडताना. शिवाय दक्षिणेत हेच पाच स्वर मोहनम म्हणून गातात आणि तिकडे वेळेवरून एवढं कोणी अडून बसत नाही म्हणतात. हे मी काकूंना ऐकवलं नाही अर्थात.

पण काकूंनी पिच्छा सोडला नाही. भूपात मध्यम आणि निषाद, म्हणजे म आणि नी, नसतात, सा रे ग प ध एवढंच, हे त्यांनी मला पोळ्या लाटता लाटता पाठ करून घेतलं. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सकाळी काहीतरी लागलं आणि मी मोजले, पाचच स्वर! (म्हणजे मोजले असं मला वाटलं.) दार उघडून ओरडले, काकू, भूप! त्या पदराला हात पुसत आल्या, मिनिटभर ऐकलं. "देसकार आहे. हा सकाळचाच." स्वर तेच, अगदी तेच पाच, पण भूप गंधारापाशी, म्हणजे ग वर, रमतो आणि देसकार वर धैवताकडे, म्हणजे ध कडे, वरच्या सा च्या आसपास घुटमळतो म्हणे. मला एकदम डाळ-तांदूळ आठवले, तेच दोन जिन्नस पण खिचडी वेगळी आणि वरणभात वेगळा. काकूंना ही उपमा अजिबात आवडली नाही.

तेव्हापासून मी दोन्ही आलटून पालटून लावते. चाळीस-पन्नास वेळा तरी ऐकले असतील, आणि मग कधीतरी, नक्की कधी ते सांगता येणार नाही, सकाळचा तो धैवत उन्हासारखा चढा वाटायला लागला. कोणी शिकवलं नाही हे. डोळे मिटून पोह्यात मीठ किती ते हाताला कळतं तसंच काहीसं.

तर परवा संध्याकाळी, साधारण साडेसात, काकू अशाच गप्पा मारायला आलेल्या. मोबाईलवर आलाप सुरू झाला. सा रे ग, मग प, मग ध, गंधारावर मस्त मुक्काम, रात्रीची वेळ, सगळे पुरावे जमलेले. मी सुरी खाली ठेवली आणि ऐटीत म्हटलं, "भूप."

काकूंनी नुसता तळहात वर केला. "थांब. उतरताना ऐक."

गायक वरच्या सा वरून खाली आला आणि येता येता, अगदी पुसट, मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, निषादाला हात लावून गेला, पुढे तीव्र मध्यमालाही, म्हणजे चढ्या म लाही. आधी असतं तर मला ते ऐकूही आलं नसतं.

"शुद्ध कल्याण," काकू म्हणाल्या, आणि ताटातली चिरलेली काकडी उचलून खाल्ली.