ज्यांनी गेम जगवला त्यांचे रिव्ह्यू स्कोअरमध्ये धरतच नाहीत

गेम रिलीज होतो त्या दिवशी प्रोग्रामर लोकांची सगळ्यात जास्त पळापळ होत असेल असं बाहेरच्यांना वाटतं, पण खरी फजिती माझ्यासारख्यांची होते, म्हणजे बॅकर्सच्या (गेम बनायच्या आधीच पैसे देणाऱ्यांच्या) मेलना उत्तरं देणं, अपडेट लिहिणं, शिव्या खाणं हे ज्यांचं काम असतं त्यांची. आमचा गेम किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर जमलेल्या पैशावर उभा राहिलेला, आणि ठरलेल्या तारखेपेक्षा बराच उशिरा आलेला (त्यात विशेष काही नाही म्हणा, वेळेवर आलेले गेम शोधावेच लागतात).

टार्गेटची रक्कम मुदतीत जमली नाही तर किकस्टार्टरवर कुणाचेच पैसे कापले जात नाहीत, आणि जमली तर त्यातले ५ टक्के त्यांचे आणि पेमेंटचा चार्ज वेगळा. आमची जमली, लवकर जमली, आणि मग जे सगळे करतात तेच आम्ही केलं, स्ट्रेच गोल्स. अजून एवढे जमले तर जास्तीची लेव्हल, अजून एवढे जमले तर दोघांनी मिळून खेळायचा को-ऑप मोड. हे लिहायला एक ओळ लागते, पण निस्तरताना टीमचा जीव जातो. होलो नाइट या गेमवाल्यांनी २०१४ च्या किकस्टार्टर कॅम्पेनमध्ये हॉर्नेट ही दुसरी कॅरेक्टर अशीच स्ट्रेच गोल म्हणून कबूल केली होती, ते काम वाढत वाढत त्याचा सिल्कसाँग हा अख्खा वेगळा गेम झाला आणि तो २०२५ मध्ये आला. त्यांना ते पेललं. आमच्या लीडला, म्हणजे टीमच्या मुख्य माणसाला, को-ऑप कधीच नको होता, तो दर मीटिंगला ब्रोकन एज या किकस्टार्टरवरच्याच गेमचं उदाहरण द्यायचा, ४ लाख डॉलर मागितले, ३३ लाखांच्या वर मिळाले, आणि तरी पैसे कमी पडले म्हणून गेम दोन भागांत काढावा लागला.

तर रिलीजच्या दिवशी सकाळी बॅकर्सना स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरच्या कीज (गेम मिळवायचे कोड) गेल्या आणि संध्याकाळी गेम तिथे विक्रीला लागला. बॅकर्सचे रिव्ह्यू इतके भरभरून की वाचताना आमच्यातले दोघंतिघं हळवे झाले, कुणी लिहिलं इतकी वर्षं थांबलो ते वाया गेलं नाही, कुणी क्रेडिट्समध्ये आपलं नाव दिसल्याचा स्क्रीनशॉट टाकला. आणि वर स्कोअर काय, तर "मिक्स्ड". नवीन आर्टिस्ट पोरगी माझ्याकडे येऊन म्हणाली, अगं, सगळे थम्ब्स अप दिसतायत मग हे असं कसं? मग तिला सांगितलं की स्टीमवर २०१६ पासून बाहेरच्या की ने गेम घेतलेल्यांचे रिव्ह्यू दिसतात, पण स्कोअरमध्ये धरत नाहीत. स्कोअर फक्त तिथेच विकत घेणाऱ्यांचा. नियम बरोबरच आहे, नाहीतर फुकट कीज वाटून कुणीही आपला स्कोअर फुगवला असता, पण आमच्यासारख्यांची गोची अशी होते की गेमवर ज्यांचा खरा जीव आहे नेमके तेच मोजणीबाहेर.

विकत घेणारे चिडले होते ते जवळपास सगळे को-ऑपवर. दुसरा प्लेअर थोडा मागे पडला की कॅमेरा त्याला सोडून पुढे निघून जायचा. आता गंमत बघा, स्टीमवर गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर रिफंड मिळतो, आणि मित्र शेजारी बसलेला असला की माणूस आधी को-ऑपच उघडतो. म्हणजे आमचा सगळ्यात कच्चा भाग बरोबर त्या दोन तासांत. रिफंडच्या कारणांची यादी वाचायचं काम अर्थात माझ्याकडेच.

लीड म्हणाला मेनूतून ते बटणच काढून टाकू. ऐकायला सोपं आहे, पण ज्यांनी त्याच्यासाठीच पैसे टाकलेत त्यांना काय तोंड दाखवायचं? शेवटी मी बॅकर्सना अपडेट टाकून सरळ विचारलं. बहुतेकांनी समजूतदारपणे लिहिलं, काढा, नीट करा, मग परत आणा. एकाने मात्र चांगलंच झापलं. म्हणे मी मुलाबरोबर खेळायला म्हणून पैसे दिले, तेव्हा तो माझ्या मांडीवर बसून गेम बघायचा, आता खोलीचं दार लावून बसतो, अजून किती थांबू? याला काय उत्तर देणार, त्याचं म्हणणं खरंच होतं.

बटण ठेवलं, त्यावर "बीटा" (म्हणजे अजून चाचणीत) अशी पट्टी लावली आणि आत जाण्याआधी स्पष्ट सूचना दिली. कॅमेरा दुरुस्त करणारा पॅच पहाटे गेला. रिफंड त्या पट्टीनेच बरेच कमी झाले, पॅच जायच्या आधीच, हे लीडला अजून पटत नाही. स्कोअर "मोस्टली पॉझिटिव्ह"वर यायला मात्र बरेच आठवडे लागले, कारण पहिल्या दिवशी शिव्या घालून गेलेला माणूस रिव्ह्यू बदलायला सहसा परत येत नाही.

आता बॅकर्सना आर्टबुकं (गेमच्या चित्रांची पुस्तकं) पाठवायची राहिलीत. पत्ते कॅम्पेनच्या वेळचे, निम्म्या लोकांनी घरं बदललीत, ती शीट माझ्यासमोर उघडीच आहे.