पिशव्यांची कासवे

यंदाच्या पावसाळ्यात आम्ही सहा जणींनी प्लास्टिकच्या जुन्या पिशव्यांपासून क्रोशाने ३१ कासवे विणली आणि बालदिनाला ती आमच्या भागातील दोन अंगणवाड्यांतील मुलांना भेट दिली. आमच्यापैकी चौघी कोकणातल्या हर्णै बंदरावर मासळी विकतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्यामुळे त्या दोन महिन्यांत त्यांना दुपारची उसंत मिळते, आणि हे काम त्या उसंतीतच उभे राहिले.

पिशव्या कमी पडल्या नाहीत. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात हातात धरायच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी त्यापूर्वीच्या पिशव्या घरोघरी गादीखाली घडी घालून ठेवलेल्या आहेतच, आणि गणपतीला मुंबईहून येणाऱ्या सामानाबरोबर त्यांत दरवर्षी भर पडते. मात्र मिळालेली प्रत्येक पिशवी आम्ही वापरत नाही. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते, म्हणून पिशवी दोन्ही हातांनी ताणून पाहायची आणि पापुद्रे सुटले तर ती बाजूला टाकायची. किनाऱ्यावर वाहून आलेल्या पिशव्या वापराव्यात, असे अनेकांनी सुचवले. समुद्राविषयीची त्यांची कळकळ मला कळते, पण ऊन आणि वाळू खाऊन जीर्ण झालेले प्लास्टिक मुलांच्या हाती देण्यास माझे मन घेत नाही. मासळीच्या पिशव्या साबणाच्या पाण्यात दोनदा धुऊनही वास राहिला, तर त्याही नाकारतो.

पिशवीचे बंद आणि तळाची शिवण कापून उरलेल्या नळीच्या अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या आडव्या कापल्या, की प्रत्येक पट्टीचे एक कडे होते. एका कड्यातून दुसरे ओवून ओढले की दुहेरी दोरा तयार होतो. ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच नळीतून १६ कडी निघतात आणि गाठींत जाणारी लांबी वजा करता सुमारे साडेचार मीटर दोरा मिळतो. कासवाच्या अंगाला अशा आठ-दहा पिशव्या लागतात. पाठ दोऱ्याच्या छोट्या वेटोळ्यात सहा मुके खांब (क्रोशाचे आखूड, साधे टाके) घालून सुरू होते. पुढे प्रत्येक फेरीत सहा खांब वाढवून १२, १८, २४ असे करत ती पसरते. लोकरीला असते तशी लवचिकता या दोऱ्याला नसल्यामुळे टाके सैल ठेवावे लागतात, नाहीतर तासाभरात मनगट भरून येते. प्लास्टिकची सुई दोऱ्याला अडते, धातूची सरकते. आम्ही ६ मिलिमीटरची घेतो.

कोकणात या खेळण्यांचा एक खरा उपयोग आहे. लोकरीची किंवा कापूस भरलेली बाहुली आमच्याकडे आषाढातच बुरशीने काळी पडते, तर ही कासवे धुऊन सावलीत टांगली की संध्याकाळपर्यंत कोरडी होतात.

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली आणि ती मला आजही बोचते. डोळ्यांना मी गुंड्या लावल्या होत्या. अंगणवाडीतील मुले तीन वर्षांच्या पुढची असतात, एवढाच विचार मी केला होता. परंतु खेळणे घरी जाते आणि घरात धाकटे भावंड असते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. एका दीड वर्षाच्या मुलाने गुंडी उपटून तोंडात घातली. त्याच्या आजीने ती वेळीच काढली म्हणून अनर्थ टळला. त्या आठवड्यात मी घरोघरी जाऊन सगळी खेळणी परत आणली. आता डोळे काळ्या दोऱ्याने भरतो, आणि पोटात पिशव्यांचे तुकडे सुटे न भरता जुन्या नायलॉनच्या साडीची छोटी पिशवी शिवून तिच्यात कोंबतो, म्हणजे टाके उसवले तरी तुकडे बाहेर येत नाहीत. पापुद्रे सुटू लागलेले खेळणे परत द्यावे, बदली मिळेल, हेही आम्ही पालकांना आवर्जून सांगतो.

‘टाकाऊपासून टिकाऊ’ हे शब्द आपण शाळेपासून ऐकतो; त्यातला ‘टिकाऊ’ मात्र अनेकदा राहून जातो, आणि गरीब घरात द्यायचे म्हणून कसेबसे केलेलेही चालते असे गृहीत धरले जाते. म्हणून जे कासव मी माझ्या नातीच्या हाती देणार नाही, ते भेटीच्या टोपलीत जात नाही. यंदा अशी पाच आम्ही उसवली.

कासवच का, तर वेळास आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात हे इथल्या मुलांना ठाऊक आहे, आणि पाण्यात तरंगणारी पिशवी जेलीफिश समजून कासव गिळते, हे त्यांना त्या निमित्ताने सांगता येते.

परवा अंगणवाडीच्या ताई भेटल्या. मुलांनी सगळी कासवे पाण्याच्या टपात सोडली होती आणि ती तरंगतात म्हणून कोणी घरी जायला तयार नव्हते. दोन कासवांचे पाय मात्र सुटले आहेत, कारण मुले त्यांना नेहमी पायाला धरूनच उचलतात. पुढच्या जूनपासून पाय दुहेरी दोऱ्याने टाचायचे, असे आम्ही ठरवले आहे.