तुम्ही विचारलंत म्हणून: या खेपेला काय पाहिलंत?

दौऱ्यावरून परतले की कामाबद्दल क्वचितच कुणी विचारतं. "ताई, या खेपेला काय पाहिलंत?" हा पहिला प्रश्न. ऑफिसातली मुलं विचारतात, बहीण फोनवर विचारते. त्याला जोडूनच दुसरा येतो: "त्या एवढ्याशा पडद्यावर बघून सिनेमा कळतो तरी का?" आजवर दोन्हींची उत्तरं उभ्या उभ्या देत आले, आज जरा बसून देते.

माझं काम कारखान्यांमधले मोठे वजनकाटे तपासण्याचं. काट्याच्या चारही कोपऱ्यांवर प्रमाणित वजनं ठेवायची, आकडे लिहायचे, वजन उचललं की काटा परत शून्यावर येतो का ते बघायचं. महिन्यातले दहा-बारा दिवस यात बाहेर जातात. संध्याकाळी खोलीवर आलं की वाचायला डोकं शिल्लक नसतं आणि झोपही लगेच लागत नाही. सिनेमाला जागा मिळते ती तिथे, नाहीतर विमानात.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. छोट्या पडद्यावर सगळं कळत नाही, हे खरं आहे. डेव्हिड लीनचा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) मी पहिल्यांदा लावला तो पुढच्या सीटच्या पाठीवरच्या पडद्यावर. त्यातला ओमर शरीफचा प्रवेश प्रसिद्ध आहे. तापलेल्या वाळवंटात क्षितिजावर एक ठिपका हलतो, मृगजळात थरथरतो आणि बघता बघता उंटावरचा माणूस होतो. छायालेखक फ्रेडी यंग यांनी या दृश्यासाठी खास लांब पल्ल्याची लेन्स वापरली होती. माझ्या पडद्यावर तो ठिपका दिसलाच नाही. तिथे आधीच्या प्रवाशाच्या बोटांचे डाग होते आणि वर खिडकीतून येणारा उजेड. विहिरीपाशी थांबलेली दोन माणसं कशाकडे टक लावून बघतायत ते मला कळेना, आणि एकदम उंटच समोर आला. मी तिथेच थांबवला. तो सिनेमा मी अजून पुरा पाहिलेला नाही. मोठ्या पडद्यावर कुठे लागला तर रजा काढून जाणार आहे.

संकलक वॉल्टर मर्च यांची एक सवय मला फार आवडते. संकलन करताना छोट्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना ते कागदाची चिमुकली माणसं कापून उभी करतात, म्हणजे थिएटरातल्या प्रेक्षकापुढे हे चित्र केवढं मोठं असणार याचा विसर पडत नाही. विमानात बसले की मला ती कागदी माणसं आठवतात. जे मोठ्या जागेसाठी घडवलंय ते मग मी त्या दिवशी लावत नाही.

चेहऱ्याचं मात्र वेगळं आहे. थिएटरात चेहरा भिंतीएवढा होतो. हातभर अंतरावरच्या पडद्यावर तो जवळजवळ माणसाच्या चेहऱ्याएवढाच राहतो, समोर कुणी बसलंय आणि बोलतंय असा. शांत, माणसांजवळ थांबणारे सिनेमे प्रवासात उलट जास्त भिडतात, असा माझा तरी अनुभव आहे. फक्त आवाज नीट पोचला पाहिजे. इंजिनाची घरघर कुजबुज आणि उसासे पहिल्यांदा गिळते. बोस या ध्वनियंत्रांच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ साली झुरिकहून परतताना विमानातल्या हेडफोनवर हाच त्रास झाला, आणि बाहेरचा आवाज उलट लहरींनी पुसून टाकणाऱ्या हेडफोनचं गणित त्यांनी त्याच प्रवासात मांडायला घेतलं. असा हेडफोन मी चार वर्षांपूर्वी घेतला. त्याआधी पाहिलेले निम्मे सिनेमे मी खरं तर अर्धेच ऐकले होते.

आता काय पाहिलं ते. गेल्या काही दौऱ्यांतल्या नोंदी काढून बसले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मनात राहिलेले जवळपास सगळे सिनेमे कुणाच्या ना कुणाच्या कामाचे आहेत. प्रेम, मृत्यू, घर हे सगळं त्यांत आहेच, पण मला आठवतात ते हात. तो माणूस आपलं काम कसं करतो, ते सिनेमानं नीट बघितलंय का, इथे माझं मत ठरतं. घरी सोफ्यावर बसून बघताना हे मला कधी इतकं जाणवलं नव्हतं. दिवसभर काम करून, उद्याच्या कामासाठी लागणारी पेटी शेजारी ठेवून बघताना जाणवतं.

विम वेंडर्सचा 'परफेक्ट डेज' (२०२३) त्यातला सगळ्यात जवळचा. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणाऱ्या हिरायामाची गोष्ट. गोष्ट तरी काय, त्याचे दिवस. उठणं, अंथरुणाची घडी, झाडांना पाणी, यंत्रातून कॉफीचा डबा, गाडीत कॅसेट, मग काम. भांड्याच्या कडेखालची जागा वरून दिसत नाही म्हणून तो एक छोटा आरसा खाली धरून बघतो. कुणी तपासणार नाही अशी ती जागा. तो आरसा दिसला तेव्हा मी सिनेमा थांबवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. काट्याच्या खाली, जिथे धूळ आणि खडे साठतात तिथे मीही टॉर्च आणि आरसा घेऊन वाकते. हे काम पडद्यावर कुणी इतक्या आदरानं दाखवेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्याचा तरुण सहकारी ताकाशी त्याला म्हणतो, पुन्हा घाणच होणार आहे, मग एवढं कशाला करायचं? हिरायामा उत्तर देत नाही, पुसत राहतो. बरेच जण या सिनेमाबद्दल बोलताना इथेच थांबतात: किती समाधानी माणूस, किती शांत. मला महत्त्वाचं वाटलं ते नंतरचं. ताकाशी अचानक नोकरी सोडतो आणि त्याची पाळीही हिरायामाच्या अंगावर येते. रात्र होईपर्यंत तो एका ठिकाणाहून दुसरीकडे धावतो, आणि शेवटी फोनवर चिडून सांगतो की हे रोज जमणार नाही. इतका वेळ शांत असलेला माणूस आवाज चढवतो. त्या एका फोनमुळे तो माझ्यासाठी खरा झाला. कामावर जीव असलेल्या माणसालाही कामाचे तास मोजावे लागतात, आणि ते मोजायला सिनेमा लाजलेला नाही. हिरायामा झालेल्या कोजी याकुशो यांना या भूमिकेसाठी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. शेवटी गाडी चालवताना त्यांचा चेहरा बराच वेळ पडद्यावर राहतो आणि त्यावर हसू आणि रडू एकमेकांत मिसळतं. तो चेहरा मी खऱ्या आकारात पाहिला, याचा मला आनंद आहे.

एक तक्रारही आहे. यातली स्वच्छतागृहं शिबुया भागातली, नामवंत वास्तुरचनाकारांनी बांधलेली. शिगेरू बान यांचं तर पारदर्शक काचेचं आहे, आतून कडी लावली की भिंती अपारदर्शक होतात. बघायला सुंदर आहे, पण सफाईच्या कामावरच्या सिनेमात खरी घाण जवळजवळ दिसतच नाही. या सिनेमाची सुरुवातच त्या स्वच्छतागृहांच्या प्रकल्पातून झाली होती, तेव्हा कारण समजतं. तरी मला ते खटकलं. हिरायामाचा आरसा किती मोलाचा आहे, ते घाण दाखवली असती तर आणखी कळलं असतं.

'ड्राइव्ह माय कार' (२०२१) मी तीन तुकड्यांत पाहिला. रयूसुके हामागुची यांचा हा सिनेमा १७९ मिनिटांचा आहे आणि सुरुवातीची श्रेयनामावली सुमारे चाळिसाव्या मिनिटाला येते. पहिला तुकडा माझा बरोबर तिथेच संपला, कारण विमान उतरायला लागलं होतं. तुकड्यांत बघणं वाईट, असं सगळे म्हणतात. या सिनेमाला ते मानवलं. त्यात एक नाट्यदिग्दर्शक हिरोशिमात चेखवचं 'अंकल वान्या' हे नाटक बसवतोय. नट वेगवेगळ्या भाषांत बोलणारे, एक जण कोरियन खुणांच्या भाषेत. तालमीत तो त्यांना भावना बाजूला ठेवून, सपाट आवाजात, पुन्हा पुन्हा नुसतं वाचायला लावतो. नट कंटाळतात. मी नाही कंटाळले. दोन दिवस मध्ये गेले, मी माझी वजनं तीच तीच उचलून ठेवली, आकडे वाचले, आणि रात्री परत त्या तालमीत जाऊन बसले. त्या सपाट वाचनातून एके दिवशी बागेत दोन नट्यांमध्ये काहीतरी घडतं. त्या क्षणापर्यंत पोचायला तेवढे दिवस लागतात, हे मला माझ्याच दिवसांमुळे पटलं.

आणि ती चालक, मिसाकी. लाल साब गाडी ती अशी चालवते की मागे बसलेल्याला गाडीत आहोत याचा विसर पडावा. हे कसब कुठून आलं ते ती सपाटपणे सांगते: आईला स्टेशनवर ने-आण करताना तिची झोप मोडली की मार बसायचा. एखाद्याच्या हातातल्या सफाईमागे काय काय असू शकतं, हे इतक्या कमी शब्दांत मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. मला रोज कारखान्यात सोडणाऱ्या चालकाशी तोवर मी फार बोलत नसे. दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर बसले आणि गाडी चालवायला कुणी शिकवलं ते विचारलं. उत्तर लांबलचक निघालं, ते इथे सांगत नाही. ते त्यांचं आहे.

'अप इन द एअर' (२००९) सगळे मला सुचवतात, कारण त्यातला जॉर्ज क्लूनी कामासाठी सतत विमानातच असतो. पाहिला. बॅग भरण्याचं दृश्य छान आहे, पण मला त्यातला प्रवास फार गुळगुळीत वाटला. लक्षात राहिली ती नोकरीवरून काढून टाकलेली माणसं. त्यांतली बरीच नट नाहीत, खरोखर नोकरी गमावलेली माणसं आहेत. ती बोलायला लागली की क्लूनी मागे पडतो.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' (२०२४) मी विमानात नाही, खोलीवर लॅपटॉपवर पाहिला. विमानातल्या प्रती कधी कधी कापलेल्या असतात, आणि कान महोत्सवात ग्राँ प्री हा मोठा पुरस्कार मिळवलेला हा सिनेमा मला अख्खा हवा होता. मुंबईतल्या रुग्णालयातल्या दोन परिचारिका, प्रभा आणि अनू, आणि तिथेच स्वयंपाक करणारी पार्वती. पार्वतीचं घर बिल्डर पाडणार आहे आणि इतकी वर्षं तिथे राहिल्याचा एकही कागद तिच्याकडे नाही. ही पार्वती छाया कदम यांनी केलीय, आणि माझं मत विचाराल तर सिनेमा तिचा आहे. बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर ती आणि प्रभा दगड मारतात, तेव्हा मी बंद खोलीत एकटी मोठ्यानं "मार!" म्हणाले. परदेशातल्या नवऱ्याकडून आलेला भात शिजवायचा कुकर प्रभा रात्री जमिनीवर बसून कवटाळते, ते दृश्य मी दोनदा पाहिलं. दिवसभर दुसऱ्यांची शरीरं सांभाळणाऱ्या बाईच्या वाट्याला स्पर्श म्हणून एक भांडं येतं. यावर मी आणखी काही लिहू शकत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' (२०२०) बहिणीनं सुचवला. हिंदुस्थानी संगीत शिकणारा शरद रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवत गुरूंच्या गुरूंची, माईंची, ध्वनिमुद्रित व्याख्यानं कानात ऐकत असतो. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. मोटरसायकल संथ गतीनं तरंगत जाते आणि तो आवाज काही केल्या सवलत देत नाही. कानांवर हेडफोन, बाहेर काळोख आणि खाली कुठेतरी दिवे, अशा अवस्थेत मी हे ऐकत होते. शरद झालेले आदित्य मोडक स्वतः गायक आहेत, त्यामुळे रियाज रियाजासारखाच दिसतो आणि सूर कुठे कमी पडतोय ते शरदच्या चेहऱ्यावर आधी कळतं. पुरेसं काम करूनही पुरेसं येत नाही, ही गोष्ट सांगायला धैर्य लागतं. बहिणीला तो फार उदास वाटला. मला वाटला नाही. इतका वेळ त्या माणसाच्या कष्टांकडे कुणी बघत बसलंय, यात मला माया दिसली.

जे आवडले नाहीत त्यांच्याबद्दल थोडक्यात. नायक मोठा वास्तुरचनाकार आहे असं सांगतात आणि टेबलावर एक गुंडाळलेला नकाशा ठेवतात. नायिका डॉक्टर असते आणि पूर्ण सिनेमात एकाही रुग्णाशी दोन मिनिटं बोलत नाही. असले सिनेमे मी वीस मिनिटांत बंद करते. त्यांची नावं मी नोंदवतही नाही.

येत्या खेपेसाठी ताम्हाण्यांचाच 'कोर्ट' (२०१४) उतरवून घेतलाय. आधी एकदा पाहिला होता, तेव्हा खटल्याच्या मागे लागून बघितला. त्यात सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी दिवसभर कोर्टात बोलतात, मग लोकलनं निघतात, वाटेत मुलाला घेतात, घरी येऊन स्वयंपाक करतात, सगळ्यांना वाढतात. तेव्हा हे दृश्य मी घाईनं बघितलं होतं. या खेपेला तिथे थांबायचं आहे.