सिडनीच्या टाउन हॉलमधला चौसष्ट फुटी सूर

ब्लू माउंटन्स झाले, बाँडायच्या पाण्यात पाय बुडवून झाले, ऑपेरा हाऊससमोर दात काढून फोटोही झाले. त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय, मी कशाला भर घालू! मला लिहायचंय ते एका दुपारबद्दल.

उतरलो होतो पॅरामॅटाला, मावसबहिणीकडे. "टाउन हॉलमध्ये आज दुपारी फुकट ऑर्गन आहे," ती सहज बोलून गेली. भावोजींनी लगेच मोडता घातला, "चर्चमधलं रडगाणं असतं रे ते. त्यापेक्षा मॉलला जाऊ." मॉलला आदल्या दिवशीच जाऊन आलो होतो. मी सरळ ट्रेन पकडली.

टाउन हॉल नावाचंच स्टेशन आहे, जमिनीखाली. वर आलो तर हॉलच्या पायऱ्यांवर ऑफिसवाली मंडळी डबे खात बसलेली. त्यातलीच बरीचशी थोड्या वेळाने आत येऊन बसली. कुणी नटूनथटून आलं नव्हतं, याचंच मला बरं वाटलं. खुर्च्या मात्र पाठीचा सूड उगवणाऱ्या.

ऑर्गन म्हटलं की माझ्या कानात बालगंधर्वांच्या गाण्याला साथ करणारा ऑर्गन. पायाने भाता मारायचा, आत पितळी पट्ट्या थरथरतात, आणि अख्खी पेटी टेम्पोत चढवून पुढच्या गावी नेता येते. इथे समोरची भिंतच वाद्य होती. लंडनच्या विल्यम हिल अँड सन या कंपनीने बांधलेला हा ऑर्गन 1890 मध्ये सुरू झाला, तेव्हा तो जगातला सगळ्यात मोठा होता. बोटांनी दाबायच्या पट्ट्यांच्या पाच ओळी एकावर एक, पायाखाली आणखी एक, आणि जवळजवळ नऊ हजार नळ्या.

वादक वर, त्या भिंतीच्या पोटात, आपल्याकडे पाठ करून बसतो. हे मला मुळीच आवडलं नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, जागेला दाद देता आली पाहिजे, अशा बैठकींत वाढलेला मी. जर्मन संगीतकार बाखची एक फ्यूग चालू होती, म्हणजे एकच चाल वेगवेगळ्या आवाजांनी एकामागून एक उचलायची. तीच चाल एका ओळीतून दुसरीत, मग थेट पायांत उतरली, आणि माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. पुढच्या बाईंनी वळून असं पाहिलं की जणू माझा मोबाइल वाजला. मी पुढच्या जागेलाही दिली दाद, जरा हळू.

मग शेवटच्या तुकड्यात खुर्ची हलायला लागली. मला वाटलं, खालून ट्रेन गेली. पण ट्रेन निघून जाते, हे जाईना. पोटात ठोके पडल्यासारखं, आवाज कमी आणि फडफड जास्त. शेजारचे म्हातारे आजोबा माझ्याकडे बघून हसले आणि बोटाने वर दाखवत म्हणाले, "सिक्स्टी-फोर फूट."

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. सगळ्यात खालच्या सुराची नळी खरोखर चौसष्ट फुटी, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढी. सेकंदाला जेमतेम 8 कंपनं. माणसाच्या कानाची हद्द साधारण 20 ला संपते, म्हणून मूळ सूर ऐकूच येत नाही. त्याचे वरचे स्वर तेवढे येतात आणि बाकीचं अंगाला कळतं. पूर्ण लांबीचा असा सूर जगात दोनच ऑर्गनांत आहे, दुसरा अमेरिकेत अटलांटिक सिटीला.

आजोबा बोलके निघाले. शाळेत असताना बक्षीस समारंभाला ते याच ऑर्गनबरोबर कोरसमध्ये गायले होते. पुढे ऑफिस जवळच लागलं, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत इथे येऊन बसायचे. इथे सिटी ऑर्गनिस्ट असं शहराचं अधिकृत पद आहे. पहिले होते बेल्जियमचे ऑग्युस्त व्हीगान्द, 1891 पासून. तेव्हा घराघरांत ग्रामोफोन नव्हते. मोठ्या ऑर्केस्ट्राच्या रचना, ऑपेरातल्या चाली सामान्य माणसाच्या कानावर पडायच्या त्या याच भिंतीतून. नगरपालिकेने संगीतासाठी माणूस नेमायचा, हे ऐकून मला आपली पाणीपट्टीची रांग आठवली आणि गप्प बसलो.

1973 मध्ये ऑपेरा हाऊस उघडलं आणि तोवर याच हॉलमध्ये वाजणाऱ्या मोठ्या ऑर्केस्ट्राचा मुक्काम तिकडे हलला. ऑर्गनची दुरुस्ती तेव्हा चालूच होती; 1972 ला सुरू झालेली ती 1982 मध्ये संपली. त्याच दरम्यान ऑपेरा हाऊसनेही स्वतःचा दहा हजारांवर नळ्यांचा ऑर्गन बसवला. मी म्हटलं, "तोही ऐकायला हवा." आजोबांनी मान हलवली. "त्याला तिकीट पडतं," म्हणाले, आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख माझ्या पत्रकावर स्वतःच लिहून दिली.

तोवर मी पुण्यात परतलेला असणार होतो. भावोजींना तारीख देऊन आलोय, पण ते जातील असं मला वाटत नाही.